पास व्हायला लागतं किती? – बाईंना विचारा

यावेळी पत्रं, व्हॉट्सॲपचे मेसेज, एक तर चक्क लग्नपत्रिकेच्या मागं लिहून पाठवलेलं, सगळं मिळून एकाच विषयाचं निघालं. दहावी, पीयूसी (म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी), पासिंग. त्यामुळं त्वचेवरचे डाग, सासूबाई आणि जमिनीच्या वाटणीचे प्रश्न पुढच्या अंकात. रागवू नका. मी स्वतः मराठी मिडियमच्या हायस्कूलात आयुष्य घालवलंय, परीक्षेचे फॉर्म भरून भरून बोटं दुखलीत, तेव्हा या विषयावर मला गप्प बसवत नाही.

प्रश्न : बाई नमस्कार. माझा मुलगा मराठी मिडियमला दहावीत हाय. गणितात, समाजशास्त्रात बरा हाय, पण कन्नडचं नाव काढलं की तोंड पाडून बसतोय. प्रिपरेटरीत (बोर्डाआधीच्या सराव परीक्षेत) कन्नडला ८० पैकी ११ पडले. सर म्हणाले यंदापासून ३३ टक्क्याला पास हाय, काळजी करू नका. आमचे मालक म्हणूलालेत बाकीच्यात जास्त पाडले की कन्नडचं भरून निघतंय. खरं काय ते सांगा, मला झोप नाही. – एक आई, कडोली

ताई, सर अर्धं बरोबर बोलले आणि तुमचे मालक पूर्ण चूक बोलले, त्यांना माझं नाव सांगून सांगा.

आधी नियम बघा. कर्नाटकात पूर्वी ३५ टक्के लागायचे, २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारनं २०२५-२६ पासून ते ३३ वर आणलं. एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीला, एकूण मार्क ६२५, पहिली भाषा १२५ ची आणि बाकी पाच विषय शंभर-शंभरचे. ६२५ पैकी २०६ पडायला पाहिजेत. हे झालं एकूण. पण त्याच्या जोडीला दुसरी अट आहे आणि लोक नेमकी तीच विसरतात, प्रत्येक विषयात वेगळे ३० टक्के पडायलाच पाहिजेत, लेखी आणि इंटर्नल मिळून. म्हणजे गणितात नव्वद पडले काय आणि शंभर पडले काय, कन्नडात २९ असतील तर कन्नड गेलं. एका विषयाचं दुसऱ्यात ओतता येत नाही.

आता तुमच्या मुलाचा हिशोब करूया. लेखी ८० ला ११. इंटर्नल २० पैकी शाळा साधारण हात सैल सोडूनच देते, समजा १८ दिले. ११ आणि १८, झाले २९. बघा, एका मार्कानं. म्हणून मी म्हणते सरांचं "काळजी करू नका" मला पटलं नाही, काळजी करायलाच पाहिजे, पण ती दोन-चार मार्कांची आहे, डोंगराएवढी नाही.

आणि उलटं पण ऐका. काही पोरं म्हणतात सगळ्यात तीस-तीस पाडले की झालं. नाही होत. शंभरच्या पाच विषयांत ३० प्रमाणं दीडशे आणि पहिल्या भाषेचे १२५ पैकी ३८ धरले तर होतात १८८, आणि लागतात २०६. अठरा कमी पडले. म्हणजे कुठल्यातरी एक-दोन विषयात जरा वर यायलाच लागतंय. तुमचा मुलगा गणितात बरा आहे म्हणता, मग हे अठरा तो तिथं काढेल, तिथं गणिताचा उपयोग आहे. कन्नडच्या तीसला मात्र नाही.

कन्नडचं काय करायचं. आपली मुलं कन्नड बोलतात तशी, बाजारात, बसमध्ये, कंडक्टरशी भांडताना तर फर्स्ट क्लास बोलतात. घोडं अडतं लिहिताना. माझ्या शेजारची एक मुलगी रोज संध्याकाळी वही घेऊन येते, तिची वही बघून मला कळलं नेमकं कुठं अडतंय. 'अक्क' लिहायचं तर ती मराठीसारखा एक क अर्धा करून दुसरा शेजारी लावायला जाते, कन्नडात दुसरा क पहिल्याच्या खाली लटकतो, त्याला ओत्तक्षर म्हणतात. 'सूर्य' मधला रफार आपल्याकडं य च्या डोक्यावर बसतो, कन्नडात तो य च्या मागं जाऊन उभा राहतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ए आणि ओ, आपल्याला एकच माहीत, त्यांच्यात ऱ्हस्व वेगळा दीर्घ वेगळा. 'कोडु' आखूड म्हटलं तर 'दे', लांब म्हटलं तर 'शिंग'. ती लिहिते मला शिंग पाणी. हसू येतं पण मार्क जातात.

तेव्हा या पोराला आता व्याकरणाचं पुस्तक देऊ नका. ओत्तक्षरं रोज एक पान, पाठांतराची कविता शुद्ध, पत्राचा साचा (तारीख, मायना, शेवट, सही) डोळे मिटून लिहिता यायला पाहिजे, आणि उताऱ्यावरचे प्रश्न, ज्याचं उत्तर उताऱ्यातच असतंय ते शोधून जसंच्या तसं उतरवायचं. एवढ्यात अकराचे वीस होतात, मी होताना बघितलेत. पेपर हातात आल्यावर वाचायला जी पंधरा मिनिटं देतात त्यात खिडकीतून बाहेर बघत बसू नको म्हणावं, येणारे प्रश्न कुठले ते आधी शोध.

आणि समजा गेलंच, तर आता वर्ष वाया जात नाही. २०२४ पासून सप्लिमेंटरी म्हणायची पद्धत काढून टाकून परीक्षा १, परीक्षा २, परीक्षा ३ असं केलं, २०२४ ला आणि २०२५ ला अशा तीन-तीन परीक्षा झाल्या. पडलेला विषयच परत द्यायचा, आणि जिथं जास्त पडले ते मार्क धरतात. यंदाच्या तारखा शाळेतून घ्या, फॉरवर्ड आलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : माझ्या पुतणीला २०२४ मध्ये ग्रेस मार्क देऊन पास केलं होतं. आता माझ्या मुलीला पण मिळतील का? – एक वडील, निपाणी

त्या भरवशावर राहू नका. २०२४ ला परीक्षेच्या वर्गात सीसीटीव्ही लावून वेबकास्टिंग सुरू केलं, कॉप्या बंद झाल्या आणि निकाल धाडकन खाली आला, तेव्हा ऐनवेळी ग्रेस १० टक्क्यांचे २० टक्के केले होते. ती त्या वर्षापुरती गोष्ट, पुढच्या वर्षी नव्हती. कॅमेरे मात्र राहिलेत.

प्रश्न : बाई, आम्हाला शाळेत एक छापील यादी दाखवून सही करा म्हणाले. सगळ्यांनी न बघता केली, मी पण केली. घरी आल्यावर भीती वाटूलालीय. त्यात काय बघायचं असतं? – विद्यार्थिनी, खानापूर तालुका

बाळ, तू भीती वाटली म्हणून विचारलंस ते चांगलं केलंस. उद्या सकाळी प्रार्थना झाल्याझाल्या ऑफिसात जा आणि परत दाखवा म्हण. तो तुझा हक्क आहे, लाजू नको.

त्याला नॉमिनल रोल म्हणतात, त्याच्यावरून हॉल टिकट निघतं आणि त्याच्यावरूनच मार्क्स कार्ड. पुढं जन्मभर पासपोर्टपासून लोनपर्यंत सगळीकडं तेच कार्ड मागतात. तेव्हा तीन गोष्टी बघ. नाव, आईचं नाव, वडलांचं नाव, एकेक अक्षर, आधारवर आहे तसंच आहे का. आपली नावं कन्नडात आणि इंग्रजीत टाईप होताना काय काय होतात ते तुला माहीत असेल, पाटीलचं पाटिल होतंय, ज्ञानेश्वरचं तर विचारूच नको. दुसरं जन्मतारीख. तिसरं, आणि हे कुणीच बघत नाही, भाषा. पहिली भाषा कुठली, दुसरी कुठली, तिसरी कुठली, मिडियम कुठलं.

हे मी का सांगते. मी नोकरीत होते तेव्हाची गोष्ट, शाळेचं नाव घेत नाही. एका मुलाचं हॉल टिकट आलं आणि त्याच्यावर तिसरी भाषा हिंदी छापून आलेली, पोरगा तीन वर्षं कन्नड शिकलेला. टाईप करणाऱ्यानं वरच्या ओळीतलं खाली ओढलं असणार. मुलानं यादीवर सही केलेली, वर्गशिक्षकांनी केलेली, मी पण केलेली, ते मला आजही बोचतंय. परीक्षेला आठ दिवस. मी आणि क्लार्क बीईओ ऑफिसला (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं) गेलो, तिथून डीडीपीआय ऑफिसला (जिल्ह्याच्या), दुपारी त्यांचं जेवण चाललेलं, बाहेरच्या बाकावर बसून पोराच्या बापानं चारदा विचारलं बाई होईल न्हवं? झालं. तिसऱ्या दिवशी झालं. पण तोवर त्या पोराचा कशाचाही अभ्यास झाला नाही, गणितात पन्नास पाडणारा पोरगा छत्तीसवर आला.

प्रश्न : आमचं गाव हद्दीवरच, ओढा ओलांडला की महाराष्ट्र. कन्नडची कटकट नको म्हणून मुलीला दहावीला चंदगड तालुक्यात मावशीकडं ठेवून महाराष्ट्र बोर्डातून बसवावं म्हणतोय. पुढं इंजिनिअरिंगला पण तिकडंच सोपं जाईल असं कळलं. – बेळगाव तालुका

आता नववी संपताना? नका करू, माझं स्पष्ट मत.

एक तर तिकडं प्रत्येक विषयाला ३५ लागतात, आपल्याकडं ३०. पुस्तकं वेगळी, प्रश्नांची पद्धत वेगळी, इतिहास-भूगोलातलं राज्य वेगळं. नवी शाळा, नवीन मैत्रिणी, मावशीचं घर कितीही चांगलं असलं तरी मावशीचं घर. एका विषयाच्या कटकटीसाठी सहा विषयांची कटकट डोक्यावर घेणं हा कुठला व्यवहार. पाचवीत विचारलं असतंत तर मी वेगळं बोलले असते.

दुसरं, इंजिनिअरिंगचं. सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी भाषिक मुलांसाठी महाराष्ट्र सरकारनं तिकडच्या प्रवेशात वेगळी सोय ठेवलेली आहे, त्यासाठी इथून शिकलेली मुलंच जातात. गाव त्या यादीत आहे का आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला ही कागदं लागतात, ती वेळेवर तयार ठेवा. त्यासाठी दहावीत बोर्ड बदलायची काही गरज नाही.

कन्नडच्या सक्तीवर माझं काय मत आहे ते या गावात सगळ्यांना माहीत आहे, ते आज लिहीत नाही. २०१५ चा कायदा आहे, २०१७ पासून पहिलीच्या वर्गापासून वर वर चढत आलेला, तो कोर्टात आणि सभेत लढायचा विषय. मार्चमध्ये पोरीच्या वहीत लढायचा नाही.

प्रश्न : मी ३४ वर्षांची. दहावीला गणित आणि इंग्लिश गेलं, मग लग्न झालं. आता दोन्ही मुलं शाळेत जातात, मला दहावी व्हायचंय. एका माणसानं सांगितलं पंधरा हजार दिले की पेपरला न बसता सर्टिफिकेट घरी येतं. खरं आहे का? – चिकोडीकडची एक वाचक

सर्टिफिकेट घरी येईल, त्याच्या मागोमाग पोलीस पण येतील. त्या माणसाचा नंबर ब्लॉक करा.

तुमच्यासाठी सरळ रस्ता आहे. एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था. दहावीला १४ वर्षं पूर्ण पाहिजेत, वरची वयाची अट नाही, तुमच्याबरोबर तुमच्या सासूबाई बसल्या तरी चालतंय. पाच विषय पास व्हायचे, त्यात निदान एक भाषा पाहिजे, बाकी विषय यादीतून तुम्ही निवडायचे. नीट वाचा हे वाक्य, तुम्ही निवडायचे. गणिताची धास्ती असेल तर गणित न घेता पण दहावी होते, फक्त पुढं जे शिकायचंय किंवा ज्या नोकरीला जायचंय तिथं गणित मागतात का ते आधी बघून घ्या. मराठी मिडियम मिळतं. कन्नडची सक्ती नाही. पास व्हायला ३३ टक्के.

परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेच्या सुमाराला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला, आणि सगळे विषय एकदम द्यायची जबरदस्ती नाही. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं चालतं, त्यात नऊ संधी. म्हणजे यावेळी दोन, दिवाळीनंतर दोन, असं सुगी आणि यात्रा सांभाळून करता येतंय. अलीकडं नापास झालेल्यांना आधी पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे मार्क इकडं धरून मिळतात, तुमचं फार जुनं झालंय, तेव्हा पाचही नव्यानं धरूनच तयारी करा.

फॉर्म ऑनलाईन असतो. सायबर सेंटरवाल्याकडं भरलात तर मोबाईल नंबर तुमचाच घालायला लावा, ते लोक सवयीनं स्वतःचा घालतात आणि मग ओटीपी मागायला तुम्ही रोज त्याच्या दारात.

प्रश्न : माझी लेक अमेरिकेत टेक्ससला असते. नातू नववीत गेला. लेक म्हणते तिकडं दहावी बोर्ड असं काही नसतंच. मग पोरगं पास झालं हे ठरवतं कोण? मला काळजी वाटते नुसता खेळत असेल. – एक आजी, हिंदवाडी

आजी, तुमची लेक खरं बोलतेय, पण परीक्षा नाही असं नाही हं.

तिकडं शाळा बारावीपर्यंत आणि शेवटी मिळतो हायस्कूलचा डिप्लोमा. अख्ख्या देशाला एक नियम नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा. टेक्ससमध्ये दोन गोष्टी लागतात. चार वर्षांत ठरलेले विषय पास होऊन क्रेडिट जमवायची, आणि शिवाय राज्याच्या पाच परीक्षा, इंग्लिशच्या दोन, आणि बीजगणित, जीवशास्त्र, अमेरिकेचा इतिहास एकेक. त्याला स्टार म्हणतात. ज्या वर्षी तो विषय शिकतो त्याच वर्षाच्या शेवटी ती परीक्षा, त्यामुळं तुमच्या नातवाची पहिली एक-दोन याच वर्षी असणार. गेली तर परत देता येते. तेव्हा फोनवर बीजगणित कसं चाललंय म्हणून विचारा, दचकेल बघा.

मला त्यांच्यातली एक गोष्ट आवडली. पाचपैकी एक किंवा दोन परीक्षा सुटतच नसतील तर २०१५ पासून तिथं त्या एका मुलासाठी कमिटी बसते. प्रिन्सिपॉल किंवा त्यांचा माणूस, त्या विषयाचे शिक्षक, आईवडील. मुलाची हजेरी, वर्गातलं काम सगळं बघतात, वेगळं काम करून आण म्हणतात, आणि मग सगळ्यांचं एकमत झालं तर डिप्लोमा देतात. आपल्याकडं २९ म्हणजे २९, त्या पोराला बघितलेलं कुणी त्या टेबलावर नसतंच.

दुसरीकडं तर याहून पुढं गेलेत. मॅसॅच्युसेट्स म्हणून राज्य आहे, तिथं दहावीत एमकॅस नावाची परीक्षा पास झाल्याशिवाय डिप्लोमा मिळायचा नाही, २०२४ च्या नोव्हेंबरात ती अट लोकांनी मतदानानं काढून टाकली. मतदानानं, आजी! आपल्याकडं असं मतदान ठेवलं तर पहिलं कुठलं पान फाडतील ते मी लिहायला नको.

प्रश्न : बाई मी दहावीपर्यंत मराठी मिडियम, ७८ टक्के पडले होते, आता सायन्सला पीयूसी फर्स्ट इयर. लेक्चर इंग्लिशमध्ये, मधूनमधून कन्नड, मला काहीच कळेना. टेस्टला फिजिक्समध्ये ७० पैकी ९. आर्ट्सला जाऊ का? – येळ्ळूरचा एक विद्यार्थी

थांब की जरा. ७८ टक्के पाडणारा तू एका टेस्टमध्ये मूर्ख झालास होय?

पीयूसीला मराठी मिडियम नाही, इंग्लिश नाहीतर कन्नड. मराठी भाषा म्हणून घेता येते जिथं शिकवतात तिथं, पण फिजिक्स मराठीत लिहिता येत नाही. त्यामुळं दरवर्षी आपल्या शाळांतली चांगली चांगली पोरं पहिल्या सहा महिन्यांत अशीच गळतात. तुला त्वरण येतं, ॲक्सिलरेशन येत नाही. प्रकाशसंश्लेषण पाठ आहे, फोटोसिंथेसिस म्हटल्यावर बघत बसतोस. विषय येतोय, नाव येत नाही. एक दोनशे पानी वही घे, डावीकडं दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द, उजवीकडं इंग्लिश, रोज दहा. दहावीचं विज्ञानाचं इंग्लिश मिडियमचं पुस्तक कुणाचं तरी जुनं मागून आण आणि ते आधी वाच, तुला अर्थ माहीत असल्यामुळं भराभर कळेल. माझ्या एका विद्यार्थ्यानं असंच केलं, त्याची ती वही पुढं तीन बॅचनी झेरॉक्स करून वापरली, कव्हरवर चहाचा गोल डाग होता तो पण झेरॉक्समध्ये आला.

हिशोब पण माहीत असू दे. सेकंड पीयूसीला ६०० पैकी १९८ लागतात आणि प्रत्येक विषयात ३०, प्रॅक्टिकल किंवा इंटर्नल धरून. फिजिक्सला लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३०. लॅबचं रेकॉर्ड बुक नीट ठेवणारा आणि प्रयोग स्वतः करणारा पोरगा तिथं चांगले मार्क काढतो, आणि लॅबमध्ये इंग्लिश फार बोलायला लागत नाही, रीडिंग घ्यायला लागतंय. पण हे नुसतं पास होण्यापुरतं. पुढं इंजिनिअरिंगला जायचं असेल तर सीईटीच्या रँकमध्ये अर्धं वजन पीयूसीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचं आणि अर्धं सीईटीचं, तेव्हा तीसवर खूश होऊन चालत नाही.

आर्ट्सला आवड म्हणून जायचं असेल तर खुशाल जा, मी स्वतः आर्ट्सची. पळून जाऊ नको. वार्षिक परीक्षेपर्यंत ती वही भर, आणि तरी कळेना झालं तर वहीसकट वडगावला ये, मी संध्याकाळी पाचनंतर घरी असते.